एका कडू पुस्तिकेचे पुनर्वाचन

स्वातंत्र्यदिनी चर्चच्या आवारात ध्वजवंदन झाले की भाषणातून काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव हमखास निघते. लोकमान्यांच्या होमरूल चळवळीतील या सहकाऱ्याचा आम्हांस अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु आपल्या माणसांची नावे मोजून झाली की स्वातंत्र्यलढ्याशी असलेला आपला हिशेब चुकता झाला, अशी एक सोयीची समजूत आपल्यात रुजली आहे. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांची ‘डिनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स’ ही १९४४ सालची इंग्रजी पुस्तिका ही समजूत टिकू देत नाही. सेमिनरीतील आमच्या अभ्यासकाळात तिचे नावही कधी आमच्या कानी आले नव्हते.

कुन्हा हे चांदोरचे, ख्रिस्ती कुटुंबातील. पॅरिसला त्यांचे शिक्षण झाले. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडल्यानंतर जी धरपकड झाली, तीत कुन्हाही सापडले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. १९५८ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. १९ डिसेंबर १९६१ ची गोवामुक्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुस्तिकेचे प्रतिपादन थोडक्यात असे : परकीय सत्तेने गोव्याची भूमी तर घेतलीच, पण भाषा, वेश, नावे आणि चालीरीती बदलून माणसाचे मनही घेतले, आणि या कामी धर्मसत्तेने राजसत्तेस हात दिला. कुन्हांची लेखणी फिर्यादी वकिलाची आहे. ती आरोपीस श्वास घेऊ देत नाही. मात्र ज्या सुशिक्षित वर्गातून ते आले, त्यालाही ते सोडत नाहीत, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. राजकीय गुलामगिरीच्या मुळाशी असलेली मानसिक गुलामगिरी त्यांनी नेमकी हेरली, हे या पुस्तिकेचे मोठे यश होय.

तरीही आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, श्रद्धा आणि परकी सत्ता यांची गाठ त्यांनी इतकी घट्ट मारली आहे की ती सुटू शकते हे वाचकाच्या ध्यानातच येत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. वसईतून पोर्तुगीज १७३९ साली गेले, श्रद्धा मात्र राहिली आणि ती इथल्याच बोलीत गायिली गेली. श्रद्धा ही केवळ राज्यकर्त्यांची देणगी असती तर राज्याबरोबरच ती ओसरली असती. दुसरा आक्षेप असा की, मनाचे परकीकरण झाले ते प्रामुख्याने वरच्या थरात. शेतात आणि होडीवर राबणाऱ्या ख्रिस्ती माणसाने कोकणी कधी टाकली नाही. शिवाय १७८७ चे पिंटोंचे बंड या पुस्तिकेच्या जोडीने वाचावयास हवे. त्या कटात गोमंतकीय धर्मगुरूच पुढे होते.

एवढे म्हणून आपली सुटका होते काय? नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले, आणि या हुकुमामागे धर्मसंघीयांचाच आग्रह होता. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने लग्नघरातील चालीरीतींवरही बंदी घातली. धर्मगुरू या नात्याने हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. पण १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमा मागितली, तेव्हा आपण गप्प राहणे शोभणारे नाही. स्टीफन्स आणि १६८४ चा हुकूम, दोन्ही आपल्याच घरातले. एकाचा वारसा सांगायचा तर दुसऱ्याचेही उत्तरदायित्व घ्यावे लागेल.

मागील महिन्यात रविवारच्या मिस्सेत एका मुलाला मराठी वाचन दिले. हुशार मुलगा, पण तिसऱ्या ओळीशी थबकला आणि शेवटी त्याच्या आजीने उठून वाचन पुरे केले. त्याची मराठी कोणत्या हुकुमाने काढून घेतली? व्हाइसरॉयने निदान तीन वर्षांची मुदत तरी दिली होती. पालकहो, इंग्रजी शिकण्यास आमचा विरोध नाही. कुन्हांनीही आपली फिर्याद इंग्रजीतच मांडली. प्रश्न आहे तो घरातल्या भाषेची लाज वाटण्याचा. ती लाज आपल्या घरात शिरली आहे किंवा नाही, हे तपासण्यासाठी तरी ही कडू पुस्तिका प्रत्येक घरात वाचली जावी, असे आम्हांस वाटते.