‘सार्वजनिक’ या शब्दाची तपासणी

सार्वजनिक पैशातून उभारलेली सोय सर्वांची असते, हे तत्त्व या देशात आपोआप रुजले नाही. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, परंतु कागदावर. महाडच्या पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. खर्च सर्वांचा आणि उपयोग काहींचा, हीच ती व्यवस्था होती. आजच्या वाहतूक नियोजनाची समीक्षा याच कसोटीवर केली पाहिजे.

जागतिक बँकेच्या कर्जाने २००२ साली मुंबई नागरी परिवहन प्रकल्प सुरू झाला. रूळ वाढविण्यासाठी व रस्ते रुंद करण्यासाठी सुमारे लाखभर माणसे हलविली गेली. त्यांतली पुष्कळशी मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका अशा वसाहतींत आली. म्हणजे १९२७ पासून शहराचा कचरा रिचविणाऱ्या देवनारच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टापूत. तक्रारी झाल्या, मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा निधी काही महिने रोखला. पक्के छप्पर आणि घरात संडास मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इमारती इतक्या खेटून बांधल्या की २०१८ च्या एका अभ्यासाने तिथल्या क्षयाचा संबंध हवा-उजेडाच्या अभावाशी जोडून दाखविला. गाडी वेगाने जावी म्हणून ज्यांनी जागा दिली, त्यांच्या वाट्याला कोंदट हवा आली.

अशा प्रकल्पांच्या हिशेबात ‘वाचलेला वेळ’ हा लाभ धरला जातो. जी बाई पूर्वी पायी कामाला जाई आणि आता दोन वाहने बदलते, तिचा गेलेला वेळ कोणत्या रकान्यात मांडायचा? हा रकानाच नसणे ही कारकुनी चूक नव्हे. ती दृष्टी आहे.

या दृष्टीचे ताजे रूप म्हणजे २०२४ साली खुला होऊ लागलेला मुंबईचा सागरी किनारा रस्ता. लांबी साडेदहा किलोमीटर, खर्च जवळजवळ चौदा हजार कोटी, तोही महापालिकेचा. दुचाकी, रिक्षा, सायकल यांना त्या मार्गावर मज्जाव. कडेला विहारपथ आहे, बसही धावते. परंतु मुख्य मान मोटारीचा. याच महानगर प्रदेशाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, असे दिसले होते. दुसरीकडे बेस्टच्या स्वतःच्या गाड्या चार हजारांवरून काही शेकड्यांवर आल्या आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा झाले. जात कुठेही लिहिलेली नाही; वाहनाची जात मात्र फलकावर आहे.

मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो एस.टी.च्या सवलतीच्या पासावर. आज माझ्या वर्गातल्या मुलींचे शिक्षण सुटते, तेव्हा कारण पुष्कळदा बुद्धीचे नसते, भाड्याचे आणि उशिराच्या बसचे असते. आपल्या साहित्याने पाणवठा, गावकूस, देऊळ यांचा जाब विचारला. विकास आराखडा मात्र आपण इंजिनिअरांचा ग्रंथ समजून मिटून ठेवला. १९६६ च्या नगररचना कायद्याने त्यावर हरकती नोंदविण्याचा अधिकार सर्वांना दिला आहे. प्रत्येक वस्तीतल्या अभ्यासवर्गाने आराखडा उघडावा आणि दोनच प्रश्न लिहून द्यावेत: सोय कोणाच्या दारात, धूर कोणाच्या?