रिकाम्या जागी तुमचं नाव

एस्थर यी यांची 'वाय/एन' ही कादंबरी २०२३ साली आली. चाहते आपल्या लाडक्या कलाकारावर कथा लिहितात, तेव्हा नायिकेच्या नावाच्या जागी ही दोन अक्षरं ठेवतात. अर्थ एवढाच, 'तुमचं नाव'. तिथे तुम्ही स्वतःला बसवायचं आणि वाचत सुटायचं.

बर्लिनमध्ये राहणारी निवेदिका डबाबंद आर्टिचोकच्या जाहिराती लिहिते. (आर्टिचोक विकत घ्यायला तत्त्वज्ञान का लागावं, कोण जाणे!) एका कोरियन बॉय बँडच्या कार्यक्रमात ती मून नावाच्या मुलावर भाळते. तो अचानक बँड सोडतो, तशी ही सगळं टाकून सोलला जाते. तिथून पुढे स्वप्नातलं तर्कशास्त्र. या बँडच्या चाहत्यांना म्हणतात 'लिव्हर'. म्हणजे ज्यांच्यावाचून कलाकार जगणार नाही असा अवयव. काळजाचा तुकडा म्हणणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये.

मला तर मुळीच वाटलं नाही, कारण मी राहतो स्टेट कॉलेजमध्ये. चाळीसेक हजार वस्तीचं हे गाव. पण सामन्याच्या शनिवारी एकट्या बीव्हर स्टेडियमात लाखावर माणसं असतात. एक बाजू ओरडते 'वी आर', दुसरी 'पेन स्टेट'. पहिल्या वर्षी फुटबॉलचे नियमही कळत नव्हते, तरी घसा बसेपर्यंत ओरडलो. त्या 'वी'मध्ये मी कुठून आलो, हे कुणी विचारलं नाही. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? स्वतःला हरवण्यात सुटका असते, हे यी यांना नेमकं कळलंय.

माझी तक्रार वेगळी आहे. इथली सगळी पात्रं निवेदिकेसारखीच बोलतात. सगळं तिच्याच डोक्यात चाललंय असं म्हणून समजून घेता येतं, पण शंभरेक पानांनंतर थकायला होतं. शिवाय तिच्या वेडाची झळ तिच्याखेरीज फारशी कुणाला लागत नाही. आमच्या गावात लागली. ९ नोव्हेंबर २०११च्या रात्री प्रशिक्षक जो पटर्नो यांना काढलं, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि टीव्हीवाल्यांची व्हॅन उलटवली. ज्या मुलांवर माजी सहायक प्रशिक्षकाने अत्याचार केल्याचं प्रकरण त्यामागे होतं, त्यांच्यासाठी त्या घोषणांत जागा नव्हती. रिकाम्या जागेत चाहता आपलंच नाव लिहितो. दुसऱ्याचं नाव तिथे मावत नाही, ही गोष्ट कादंबरी हातात घेऊन खाली ठेवते.

तरी वाचा. सामना नसलेल्या शनिवारी.