पुरावा नाही, की नोंदच नाही?

'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन', थोडक्यात डीएआर, ही अमेरिकेतली स्त्रियांची जुनी संस्था. 1890 साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. वय 18 पूर्ण हवं आणि तिकडच्या स्वातंत्र्ययुद्धाला मदत केलेल्या कुणाचं तरी थेट वंशज असायला हवं. मदत म्हणजे बंदूकच चालवली पाहिजे असं नाही. सैन्याला धान्य पुरवलं असेल तरी चालतं. गावोगावी तिच्या शाखा आहेत आणि प्रवेश बहुतेक वेळा शाखेतूनच होतो.

मला रस वाटला तो त्यांच्या पुराव्याच्या पद्धतीत. तुमच्यापासून त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढी मागच्या पिढीशी कागदाने जोडून दाखवायची. एक कडी तुटली की अर्ज अडला. 'आमचे पूर्वज सरदार होते' छापाच्या आपल्याकडच्या लेखांपेक्षा हे शंभरपट बरं! व्हॅलिडिटीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला शोधत फिरलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पण नियम सगळ्यांना सारखा असला तरी कागद सारखे नसतात. 1840 पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, म्हणजे बायका बहुतेक गायबच. स्त्रियांच्या संस्थेला हे चांगलंच माहीत असणार. 1850 आणि 1860 ला स्वतंत्र माणसांची नावं आली, पण गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली: वय, लिंग, रंग. नाव बहुधा नाहीच. ते आलं 1870 ला. आपल्या भाषेत सांगायचं तर हा 'मिसिंग डेटा' यादृच्छिक नाही. कोण गहाळ होणार हे आधीच ठरलेलं होतं.

बरं, कागद असले तरी पुरत होतं का? लीना फर्ग्युसन या कृष्णवर्णीय बाईंचे पूर्वज जोना गे हे मेनमधले गोरे होते आणि वंशावळ जुळत होती. तरी वॉशिंग्टनमधल्या शाखांत त्यांना पुरस्कर्त्या सदस्या मिळेनात. 1984 मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली, मग दार उघडलं. कृष्णवर्णीय सैनिकांवर संशोधन करायचंही संस्थेने मान्य केलं.

संस्थेचं 2008 चं 'फरगॉटन पेट्रियट्स' त्याच वाटेवरचं. कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी अशा 6,600 हून अधिक लोकांची नावं त्यात आहेत. काम मेहनतीचं आहे, संदर्भ म्हणून जरूर बघा. माझी तक्रार एवढीच की हे साखळीचं एक टोक झालं, 1783 च्या आसपासचं. अर्ज करणारी बाई दुसऱ्या टोकाला, आज उभी आहे. ती मागे मागे जात 1870 पर्यंत पोचते आणि तिथे अडकते. मधल्या तीन-चार पिढ्यांसाठी मृत्युपत्रं, मालकांच्या हिशेबवह्या, चर्चच्या नोंदी असलं काहीतरी जोडावं लागतं. आणि अशा तुकड्यांना किती वजन द्यायचं, हे ठरवणार पुन्हा तीच संस्था.