मार्सिलीची पेटी

एक पेटी घ्यायची. मधोमध उभी फळी घालून तिचे दोन कप्पे करायचे. फळीला दोन भोके, एक तळाशी, एक वरच्या अंगाला. एका कप्प्यात रंग घातलेले खारे पाणी, दुसऱ्यात त्याहून कमी खारे. भोके मोकळी करायची आणि बघत बसायचे. तळच्या भोकातून रंगीत पाणी पलीकडे जाते आणि वरच्या भोकातून पलीकडचे पाणी अलीकडे येते.

प्रयोग एवढाच. समुद्र शिकवण्यासाठी वर्गात हाताने जे काही करून दाखवता येते, त्यात मला हा सर्वांत देखणा वाटतो. देखणा म्हणजे रंगीबेरंगी नव्हे. त्यात एकही गोष्ट फुकटची नाही, या अर्थाने.

हा प्रयोग 1681 साली रोममध्ये एका पुस्तकात छापून आला. आपल्याकडे संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला ते वर्ष. लिहिणारा बोलोन्याचा लुइजी फर्दिनांदो मार्सिली, वय बावीस-तेवीस. स्वीडनची गादी सोडून रोममध्ये राहणाऱ्या ख्रिस्तिना राणीला उद्देशून त्याने हे पुस्तक लिहिले. त्याआधी तो इस्तंबूलला राहून आला होता आणि तिथल्या बॉस्फरसने त्याला झपाटले होते. तीसेक किलोमीटर लांबीची, अगदी चिंचोळ्या जागी जेमतेम सातशे मीटर रुंदीची ही सामुद्रधुनी. पाणी काळ्या समुद्राकडून मार्माराच्या समुद्राकडे धावताना उघड दिसते. पण तिथले मच्छीमार सांगत की खाली पाणी उलटे जाते. इंग्रजांच्या वकिलाकडूनही त्याने तेच ऐकले. मार्सिलीने वजन बांधलेल्या दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे लावले आणि दोरी होडीतून खाली सोडली. वरचे तुकडे प्रवाहाबरोबर गेले, खोलवरचे उलट दिशेला. मच्छीमार खरे ठरले.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. प्रवाह आहे हे सिद्ध झाले, झाले काम. मार्सिलीने ठिकठिकाणच्या पाण्याचे वजन केले. तळाचे पाणी जड निघाले, कारण ते अधिक खारे होते. मग त्याने ती पेटी केली आणि तिच्या एका कप्प्यात खालच्या प्रवाहातून आणलेले पाणी ओतले. दोरीने 'काय' ते सांगितले होते, पेटी 'का' ते सांगत होती. तिच्यात वारा नाही, नदी नाही, उतार नाही. फक्त जड पाणी आणि हलके पाणी. तेवढ्यावर दोन प्रवाह उभे राहतात की नाही, हा एकच प्रश्न तिला विचारलेला आहे. नमुना आणि युक्तिवाद यांत फरक असतो. शाळेच्या प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी दिसतो तो नमुना. ही पेटी युक्तिवाद आहे.

आता आपल्या वर्गात. फळी चिकटवत बसण्यापेक्षा दोन सारख्या पारदर्शक प्लास्टिक बाटल्यांचे गळे कापावेत, प्रत्येकीला तळापासून दोन बोटांवर एक आणि पाण्याच्या पातळीच्या थोडे खाली एक असे भोक पाडावे, आणि सलाईनच्या नळीच्या दोन तुकड्यांनी बाटल्या जोडाव्यात. कडा एम-सीलने बुजवाव्यात. नळ्या दाबून बंद ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे. नळी दुमडून चिमटा लावला की पाणी थांबते. मीठ लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे समुद्रात सरासरी असते तेवढे. खाऱ्या पाण्यात लाल खाद्यरंग, गोड्यात निळी शाई.

मूळ प्रयोगापेक्षा या चिमट्यांच्या आवृत्तीत एक सोय जास्त आहे. दोन्ही नळ्या एकदम उघडाव्या लागत नाहीत. इथेच या प्रयोगाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध तयार होतो.

आधी फक्त खालचा चिमटा काढायचा. लाल पाणी निळ्या बाटलीच्या तळाशी सरपटत शिरते. मुले ओरडतात. पण थोड्याच वेळात ते मंदावते आणि थांबल्यासारखे होते. आता वर्ग गप्प होतो, कारण लाल पाणी सगळेच्या सगळे पलीकडे जाणार असे बहुतेकांनी मनात धरलेले असते. ते का थांबले? डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघितले तर निळ्या बाटलीतले पाणी वर चढलेले दिसते, तीनेक मिलिमीटर. मोजपट्टी लावली तर नेमके सापडते, ओझरत्या नजरेला नाही. जड पाण्याचा बुटका स्तंभ आणि हलक्या पाण्याचा किंचित उंच स्तंभ तळाशी सारखाच दाब देतात. बरोबरी झाली, वाहणे थांबले.

मग वरचा चिमटा. निळ्या बाजूची पातळी उंच असल्यामुळे निळे पाणी वरच्या नळीतून लाल बाटलीत उतरते आणि लालावर तवंगासारखे पसरते. तसे झाल्याबरोबर निळ्या बाजूचा स्तंभ बुटका होतो, बरोबरी मोडते आणि तळची नळी पुन्हा वाहू लागते. कोणी न हलवता. वरचा प्रवाह खालच्याला चालवतो आणि खालचा वरच्याला. दोन भोके का हवीत, याचे उत्तर इतके नेमके कोणत्याही आकृतीतून मिळत नाही.

दोन्ही चिमटे एकदम काढले तर आणखी एक बारकावा सापडतो, पण तो बघायला तयार नजर लागते. पातळी सारखी असताना खाऱ्या बाजूचा दाब वरच्या नळीशीही जरासा जास्तच असतो. म्हणून पहिले काही क्षण वरच्या नळीतूनही लालच पाणी निळ्याकडे जाते. निळ्या बाजूची पातळी पुरेशी चढली की वरचा प्रवाह उलटतो. मोठ्या ख्यालात गवई समेवर येण्याआधी एखादी जागा रेंगाळतो, तसे हे. घाईचा शिक्षक म्हणेल, 'प्रयोग चुकतोय.' तो चुकत नाही. पातळीतला फरक आधी तयार व्हावा लागतो, आणि खऱ्या बॉस्फरसातही तो आहे: काळ्या समुद्राकडच्या टोकाला पाण्याची पातळी मार्माराकडच्या टोकापेक्षा सरासरी फूटभर उंच असते. बाटलीत आपण मोजलेले मिलिमीटर म्हणजे तोच फूट.

सगळे शांत झाल्यावर दोन्ही बाटल्यांत खाली लाल, वर निळे आणि मध्ये जांभळी पट्टी उरते. बाटल्या न हलवता ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीही थर दिसतात. मीठ स्वतःहून पसरायला फार वेळ घेते. समुद्र ढवळायला वारा, लाटा, भरती-ओहोटी लागतात हे त्या न मिसळलेल्या थरांवरून सांगता येते. मी मात्र त्या दिवशी सांगणार नाही. एका तासात एकच गोष्ट.

याच्या शेजारी शाळांमधली लाडकी 'समुद्राची बाटली' ठेवून बघा. निळे पाणी, वर खाद्यतेल, झाकण घट्ट. आडवी धरून डोलवली की संथ लाटा. दिसायला सुरेख, करायला दहा मिनिटे, खिडकीत ठेवायला उत्तम. पण समुद्रावर तेल नसते आणि किनाऱ्यावरच्या लाटा इतक्या आळसावलेल्या नसतात. गंमत अशी की खऱ्या समुद्रात अशा आळशी लाटा असतात, पण पृष्ठभागाखाली, कमी खाऱ्या आणि जास्त खाऱ्या पाण्याच्या थरांच्या सीमेवर. तेलाची बाटली त्या लाटांची आहे आणि आपण तिच्यावर चिठ्ठी चिकटवतो पृष्ठभागावरच्या लाटांची. बाटली चांगली, मथळा चुकीचा.

तयारीबद्दल थोडे, कारण या प्रयोगाची निम्मी कला तिथे आहे. मीठ गरम पाण्यात विरघळवले असेल तर ते पूर्ण निवू द्यावे, नाहीतर उष्णतेने हलके झालेले पाणी मिठाचा जडपणा खाऊन टाकते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर सगळे ठप्प होते. पाणी भरताना नळ्या तिरक्या करून बुडबुडे काढावेत. खडेमीठ वापरले तर पाणी गढूळ होते, ते गाळून घ्यावे. हे सारे आदल्या संध्याकाळी. एक गोष्ट मात्र तयार ठेवायची नाही, ती म्हणजे उत्तर. चिमटे काढण्याआधी प्रत्येकाने वहीत दोन बाटल्या काढून आपल्या मते पाणी कुठून कुठे जाईल ते बाणांनी दाखवायचे. बाण एकदा काढला की खोडायचा नाही. त्या बाणांवरून पुढे वर्गात जी वादावादी होते, ती ऐकण्यासारखी असते.

पेटीच्या मर्यादाही आहेत. बॉस्फरसात दोन्ही प्रवाह सारखे नाहीत. वरचा खालच्याच्या साधारण दुप्पट पाणी नेतो, कारण डॅन्यूब, नीपरसारख्या नद्या काळ्या समुद्रात सतत भर घालतात. बाटलीत नदी नाही. म्हणून तिथले प्रवाह थोड्या वेळात विझतात आणि बॉस्फरसातले शतकानुशतके चालू राहतात. हा प्रश्न एखादी मुलगी विचारेलच: 'मग तिकडचे का थांबत नाहीत?' अशा वेळी शिक्षकाने निळ्या बाटलीत थेंबथेंब गोडे पाणी सोडून बघावे. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवाहांवर होणारा परिणाम बाटलीत आणता येत नाही, तो सोडून द्यावा.

हे सगळे दूरच्या तुर्कस्तानातले म्हणून सोडायचे कारण नाही. तांबड्या समुद्रात बाष्पीभवन प्रचंड आणि नद्या जवळजवळ नाहीत. तिथले अतिखारे पाणी बाब-अल-मंदबच्या उंबऱ्यावरून खालच्या अंगाने एडनच्या आखातात उतरते आणि अरबी समुद्रात काही शे मीटर खोलीवर दूरवर पसरते. रत्नागिरीच्या मुलाच्या समोरच्या समुद्रात ही तळची नळी चालू आहे. गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या खाड्यांचे पाणी वर्षातला बराच काळ वरपासून खालपर्यंत बऱ्यापैकी मिसळलेले असते. पावसाळ्यात मात्र नदीचे गोडे पाणी वर आणि समुद्राचे खारे खाली असे थर लागतात. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि या खाड्यांचा तिने कसून अभ्यास केलेला आहे. बॉस्फरसचे कोडे मच्छीमारांना आधी ठाऊक होते. तेव्हा होडीवर जाणाऱ्या घरातली मुले वर्गात असतील तर त्यांना आधी घरी विचारायला पाठवा: वरच्या पाण्याची ओढ एकीकडे आणि जाळ्याची दुसरीकडे, असे कधी होते का?

खाडीकाठच्या शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती. मिठाची पिशवी फोडण्याआधी मार्सिलीने केले तेच करून बघा. पावसाळ्यात, उधाण नसलेल्या भांगाच्या दिवशी, जेटीवरून दोन बाटल्या भरा: एक वरच्या पाण्याची, दुसरी दगड बांधून तळाशी सोडलेली आणि बुचाला बांधलेल्या दोरीला हिसका देऊन तिथेच उघडलेली. मुलांना घेऊन नका जाऊ, पाण्याला ओढ असते, तुम्हीच जा. दोन्ही पाणी फडक्यातून गाळा, तळाच्या पाण्यात लाल रंग घाला आणि चिमटे मुलांच्या हातात द्या.