मंगळावरची न हसणारी मुले

‘सांताक्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स’ हा १९६४ सालचा अमेरिकन बालचित्रपट सर्वांत वाईट चित्रपटांच्या याद्यांत हटकून आढळतो. १९७८ साली हॅरी मेडवेड यांच्या पन्नास वाईट चित्रपटांवरील पुस्तकात त्याला स्थान मिळाले. १९९१ साली अमेरिकेतील एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेने त्याची यथेच्छ टवाळी केली. टवाळीला जागा भरपूर आहेत. निकोलस वेब्स्टर या दिग्दर्शकाने लाँग आयलंडवरील एका जुन्या विमान-हँगरमध्ये उत्तर ध्रुव आणि मंगळ दोन्ही उभे केले. अस्वलाच्या कातड्यात माणूस आहे हे लपत नाही, यंत्रमानव म्हणजे चालता डबा वाटतो आणि मंगळवासीयांचे हिरवेपण उघडच रंगपेटीतले आहे.

परंतु साधनांचे दारिद्र्य हा बालकलेतला दोष आहे, हे आम्हांला मान्य नाही. त्याच साठीच्या दशकात रत्नाकर मतकरी मराठी बालनाट्य उभे करीत होते. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली. लुगड्याआड पुरुष आहे हे मुलांना ठाऊक असूनही ती घाबरतच. मूल एकदा करार मान्य करते आणि मग काठीची तलवार होते. या चित्रपटाची अडचण एवढीच, की करार करण्याऐवजी त्याला अधूनमधून प्रेक्षागारातील मोठ्यांकडे पाहून डोळा मारण्याचा मोह होतो.

कथाबीज मात्र विलक्षण आहे. मंगळावरील अर्भकांच्या मेंदूत यंत्राने ज्ञान भरले जाते. त्यामुळे बोमार आणि गिरमार ही भावंडे वयाने लहान, बुद्धीने प्रौढ. जेवण म्हणून गोळ्या. ती हसत नाहीत, झोपत नाहीत, तासन्‌तास पृथ्वीवरचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहत बसतात. चोकेम नावाचा वृद्ध ज्ञानी निदान करतो, की या मुलांना बालपणच मिळालेले नाही. म्हणून त्यांचा बाप, मंगळाचा प्रमुख किमार, सांताला पळवून आणतो. ज्या हैदराबादेत सहावीतल्या मुलांसाठी आयआयटीच्या ‘फाउंडेशन’चे वर्ग भरतात, तिथे हे निदान ऐकताना आम्हांला हसू आले नाही.

औषध मात्र निदानाच्या तोडीचे नाही. सांता मंगळावर येतो आणि त्याला बटणांच्या यंत्रापुढे बसवले जाते. बटण दाबले की खेळणे बाहेर. तो कंटाळतो, कुरकुरतो. हा चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक क्षण. यंत्राने बालपण हिरावले, आता यंत्रच ते खोक्यांत भरून परत करणार, ही विसंगती लेखकाच्या हाती आयती आली होती. विनोदाच्या घाईत त्याने ती सोडून दिली. मुले खेळणी घेतात, पण बराच वेळ खेळत कुणीच नाही. अखेरीस दुष्ट व्होल्डारवर चारही मुले त्याच खेळण्यांनी हल्ला चढवतात, तेव्हा कुठे पडद्यावर खेळ सुरू होतो. तोवर खेळण्याची वृत्ती दिसते ती ड्रोपो या आळशी, बावळट ठरवलेल्या नोकरात. त्याला सतत हास्यास्पद करणारा चित्रपट शेवटी मंगळाचा सांता म्हणून त्याचीच निवड करतो, हे शहाणपण म्हणावे की योगायोग?

एक प्रसंग आम्हांला विशेष भावला. पृथ्वीजवळ आलेल्या मंगळवासीयांना एकच सांता हवा असतो, तर दूरदर्शकात चौकाचौकांत सांताच सांता! खरा कोणता, हे विचारायला त्यांना बिली आणि बेट्टी या मुलांनाच गाठावे लागते. डिसेंबरात सुलतान बाजारातून फेरी मारली, लाल टोप्यांचे आणि कापसाच्या दाढ्यांचे ढीग पाहिले, की त्या परग्रहवासीयांचा गोंधळ आम्हांला अगदी आपला वाटतो.

हा चित्रपट झळकला त्याच नोव्हेंबर १९६४मध्ये ‘मरिनर ४’ हे यान मंगळाकडे निघाले. जुलै १९६५मध्ये त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत विवरांनी भरलेली उजाड भूमी दिसली आणि हिरव्या मंगळवासीयांचा कारभार आटोपला. आठ महिन्यांत शास्त्र असे कालबाह्य झाले. गोळ्या गिळून पडद्यापुढे बसलेली ती दोन मुले मात्र आम्हांला त्यानंतर पुष्कळ घरांत भेटली आहेत.