'ओपन' म्हणजे फक्त 'उघडणे'?

इंग्रजी शिकणारी चिनी मुले 'टर्न ऑन द लाइट' म्हणायच्या ऐवजी पुष्कळदा 'ओपन द लाइट' म्हणतात. शिक्षक लाल फुली मारतात आणि पुढे जातात. आमचा आक्षेप या फुलीला आहेच; पण त्याहून अधिक तो शब्दार्थांच्या त्या कोष्टकांना आहे, ज्यांत डावीकडे एक इंग्रजी शब्द आणि उजवीकडे एकच चिनी शब्द असतो.

मुलाचे नेमके कोठे चुकले? चिनी भाषेत ढोबळमानाने 'खाइ' असा उच्चार होणारे एक क्रियापद आहे. दार उघडणे, दिवा लावणे, मोटार चालवणे, सभा भरवणे, फूल उमलणे, इतकेच काय, पाण्याला उकळी येणे, या सर्वांना ते चालते. त्याच्या जुन्या लिपीचिन्हात दाराची आकृती होती. विसाव्या शतकातील लिपी-सुलभीकरणात ती गळाली. म्हणजे अर्थ मूळचा दाराचा, पुढे तो पसरत गेला. कोष्टकाने सांगितले, 'ओपन' बरोबर 'खाइ'. मुलाने ते बरोबरीचे चिन्ह खरे मानले आणि दिव्याला लावून पाहिले. विज्ञानाच्या तासाला आपण यालाच तर्क म्हणतो!

आपली भाषा पाहिली की हे लगेच पटते. आपण दिवा लावतो आणि दारही लावतो. पण पहिल्याने उजेड होतो, तर दुसऱ्याने वाट बंद होते. इंग्रजीत तरी 'टर्न' म्हणताना दिवा कोठे फिरतो? विज्ञानशिक्षकांच्या ओळखीचे आणखी एक उदाहरण आहेच: विद्युत परिपथ 'ओपन' असेल, तर दिवा लागतच नाही!

कोष्टके फेकून द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. पण क्रियापद एकटे शिकवू नये, नामासह शिकवावे. दार, डबा, पुस्तक यांना 'ओपन', दिवा, पंखा, रेडिओ यांना 'टर्न ऑन', मोटारीला 'ड्राइव्ह', सभेला 'होल्ड'. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह केलेला आणि १९४२ साली टोकियोत निघालेला कोश याच दिशेने गेला. शब्दाच्या अर्थाबरोबर तो वाक्यात कसा बसतो, हेही त्यात दाखवले होते.

नुसत्या फुलीने मूल एवढेच शिकते की, तर्क करणे धोक्याचे असते. त्यापेक्षा 'तू हे कशावरून म्हटलेस?' असे विचारावे. उत्तरातून मुलाची भाषा कळेल आणि कोष्टकातला दोषही.