रंगविलेलें शिल्प व कोरलेला इतिहास

साधनांची प्रतवारी करतांना अस्सल कोणतें व नक्कल कोणती, हें आपण प्रथम विचारतों. पॅरिसमधील एत्वालच्या विजयकमानीपुढें मात्र या प्रश्नाचें सोपें उत्तर चुकीचें ठरतें, असें आमचें मत आहे.

ऑस्टरलिट्झच्या विजयानंतर आपल्या सैन्याच्या गौरवार्थ नेपोलियन बादशहानें ही कमान योजिली. १५ ऑगस्ट १८०६ रोजीं पायाचा दगड बसला. परंतु २ एप्रिल १८१० रोजीं नववधू मारी लुईझ हिचा नगरप्रवेश झाला, तेव्हां बांधकाम जमिनीपासून फारसें वर आलें नव्हतें. म्हणून स्थपति शालग्रँ यानें लांकूड व कापड यांची पूर्णाकृति कमान उभारली. तीवरील उठावाचीं शिल्पें दगडाचीं नव्हतींच. चित्रकार लुई लाफीत यानें तीं छायाप्रकाशाच्या साह्यानें रंगविलीं होतीं.

या कामाचा दोष उघड आहे. खऱ्या शिल्पाची सावली सूर्याबरोबर फिरते. रंगविलेली जागचीच राहते. उघड्यावरील कमानीवर असा भास दिवसांतून थोडा वेळच पुरता टिकणार. तथापि तेवढ्यावरून या चित्रांस केवळ शोभेचें सामान म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

लाफीतच्या रचनांचीं रेषाचित्रें वर्णनासह १८१० सालींच छापून निघालीं. त्यांत छायेची करामत उरली नाहीं. विषय मात्र उरले. कायदेरचना, उद्योगधंदे, राजधानीची शोभा, बादशहाची क्षमाशीलता हे ते विषय होत. सैन्याच्या कमानीवर, विवाहप्रसंगीं, बादशाहीला आपलें कोणतें रूप लोकांस दाखवावयाचें होतें, हें यावरून कळतें.

आतां दगडाची साक्ष पाहूं. कमान लुई फिलिपच्या अमदानींत, १८३६ सालीं, पुरी झाली. तीवर कॉर्तो याचें ‘१८१० चा विजय’ हें शिल्प आहे. विजयदेवी नेपोलियनच्या मस्तकीं मुकुट ठेवीत आहे, जिंकलेली नगरी गुडघे टेकून आहे, इतिहासदेवता पराक्रम लिहून घेत आहे. नववधू कोठेंच नाहीं. शिल्प भारदस्त आहे. परंतु त्यांतील इतिहासदेवता लिहिते तें वीस-पंचवीस वर्षांनीं, दुसऱ्याच राजवटीच्या आश्रयानें.

समकालीन पत्र व उत्तरकालीन बखर यांत आपण जो भेद करतों, तोच येथें लागू आहे. १८१० च्या बाबतींत रंगविलेलें कापड हें पत्र, व कोरलेला दगड ही बखर होय. कापड गेलें, त्याची खबर देणारा कागद राहिला. म्हणून उत्सवांचीं छापील वर्णनें व क्षणिक सजावटीचे आराखडे हातीं आल्यास संग्राहकांनीं ते रद्दींत काढूं नयेत. दगडाचा टिकाऊपणा हा त्याच्या साक्षीच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.